काकांची तिसरी चाचणी

आयर्लंडमध्ये कॉर्क शहराजवळ रिंगास्किडीच्या ज्या औषध कारखान्यात मी कामगारांच्या प्रशिक्षणाचं काम बघते, तिथे कोणतीही गोष्ट आधी वाचल्याशिवाय आणि वाचल्याची सही केल्याशिवाय करता येत नाही. फरशी पुसायचीसुद्धा लेखी कार्यपद्धती आहे, अकरा पानांची. मी रुजू झाले तेव्हा हे सगळं कागदावर चालायचं. ते संगणकावर आणायचं, प्रत्येक कार्यपद्धतीवर प्रश्न काढायचे आणि कामगारांची चाचणी घ्यायची, हे काम माझ्याकडे आलं. खोटं कशाला सांगू, या कामासाठी देवानं मला मुद्दाम घडवलंय अशी माझी खात्री होती. परीक्षा हा माझा प्रांत. पुण्यात फार्मसीला असताना माझ्या वह्यांच्या झेरॉक्स तीन कॉलेजांत फिरायच्या, आणि त्या फिरतात हे मला चांगलं ठाऊक असायचं.

तर मी प्रश्न काढले. असे काढले की बघत राहावं. अमुक तपासणी कोणत्या कलमात आहे, नमुन्याला किती गोळ्या घ्यायच्या, दोषाचं कारण खालील चारपैकी कोणतं. नव्वद टक्क्यांना पास. तीनदा नापास झालात तर त्या मशीनचा तुमचा परवाना रद्द, तुमच्या कार्डावर त्या खोलीचं दार उघडणार नाही, आणि तुमची बदली गोदामात. तीनदाची अट माझी नव्हती, ती वरून आली होती. पण मी तिला मनापासून मान डोलावली होती हेही खरं.

कॉम्प्रेशनच्या खोलीत, म्हणजे जिथे औषधाची पूड दाबून तिच्या गोळ्या होतात तिथे, साठीला टेकलेले एक कॉर्कचे गृहस्थ कामाला होते. तीसहून जास्त वर्षं एकाच प्रकारच्या मशीनवर. आम्ही सहा-सात मराठी मंडळी कारखान्यात आहोत, आम्ही आपसांत त्यांना काका म्हणायचो. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, मीही मारते, पण मनातल्या मनात 'अहो' लावल्याशिवाय ते नाव माझ्या तोंडून निघत नाही. काकांनी निम्म्या कारखान्याला गोळ्या कशा काढायच्या ते शिकवलेलं. मशीन कुरकुरायला लागलं की दुसऱ्या पाळीची माणसंसुद्धा त्यांना घरी फोन करायची.

आणि काका माझ्या चाचणीत नापास झाले. एकदा झाले, मग दुसऱ्यांदा झाले.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. कशाला, तर समजूत घालायला! वयामुळे संगणकाची भीती वाटत असेल, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं. ते समोर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"संगणकाचं काही नाही गं पोरी," ते म्हणाले. कॉर्कची माणसं बायकांशी बोलताना वाक्याला 'गर्ल' जोडतात, साठीच्या बाईलाही जोडतात, त्यात वावगं काही नसतं. "तुझे प्रश्नच असे आहेत. मशीननं आजवर मला कधी कलमाचा नंबर विचारला नाही."

"पण कारण तर विचारलंय ना? चार पर्याय दिलेत."

"त्यातले तीन बरोबर आहेत. कुठला, ते त्या दिवशीच्या पुडीवर असतं. तू मला पूड दाखव, मी तुला पर्याय सांगतो."

मी त्यांना नम्रपणे सांगितलं की चाचणीत पूड दाखवता येत नाही. ते हसले, टोपी उचलली. दारात थांबून म्हणाले, "तिसऱ्यांदाही असंच झालं तर मी गोदामात जाणार नाही. घरी जाईन. तिथे खोकी मोजत बसायला मी इतकी वर्षं आलो नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

त्याच दुपारी मी सगळ्यांचे निकाल उघडून बसले. काका नेमके कुठे चुकतात ते शोधून त्यांना थोडी शिकवणी द्यावी, असा माझा उदात्त बेत होता. पाहते तो त्यांनी चुकवलेल्या प्रश्नांतल्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांचंच बरोबर होतं. गोळीचा माथा टोपणासारखा सुटून येतो तेव्हा पूड बहुधा फार कोरडी झालेली असते. काकांनी 'कोरडी' लिहिलं होतं. बरोबर उत्तरांची सूची भरताना मी चुकून 'फार ओली'वर खूण केली होती. घाईत माणसाच्या हातून होतं, असं म्हणून मी ते दुरुस्त करायला गेले आणि सहज बघितलं, की हा प्रश्न आणखी कोणाकोणाचा हकनाक चुकला.

बऱ्याच आयरिश कामगारांचा चुकला होता. पोलंडच्या दोघांचा चुकला होता. आपल्या मराठी पोरांपैकी फक्त सगळ्यात आधी बसलेल्या एकाचा चुकला होता. बाकी झाडून सगळ्यांनी 'फार ओली' लिहिलं होतं, झाडून सगळ्यांना शंभरपैकी शंभर होते, आणि एकालाही पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नव्हता.

ही सगळी पोरं फार्मसी शिकलेली. माथा कोरड्या पुडीनं सुटतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. तरी त्यांनी चुकीचं उत्तर लिहिलं, कारण पहिल्या पास झालेल्यानं चाचणी संपल्यावर पडद्यावर दिसलेली 'बरोबर' उत्तरांची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली होती. अपेक्षित प्रश्न, अपेक्षित उत्तरं. चाचणीत काय मागतात तेच द्यायचं, खरं काय ते घरी ठेवायचं. इतकी अस्सल आपली चूक दुसऱ्या कोणत्या देशातली माणसं करतील असं मला वाटत नाही.

त्यांच्यातला एक माझ्यासोबत गाडीत येतो, त्याला मी संध्याकाळी फैलावर घेतलं. तो नाशिकचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

"अरे, तुला माहीत होतं ना उत्तर चुकीचंय?"

"ताई, चिल ना. सिस्टीमला जे राइट वाटतं ते राइट. हंड्रेड पडले ना सगळ्यांना, मग झालं तर. और क्या!"

"आणि उद्या मशीनवर माथे सुटायला लागले तर?"

"तेव्हा काका आहेत की," तो म्हणाला.

मला सणसणीत तोंडात बसल्यासारखं झालं. त्याला आणखी काय बोलणार? माझ्या वह्यांच्या झेरॉक्स तीन कॉलेजांत फिरल्याच होत्या की. ज्याला खरोखर येतं त्याला बाहेर काढणारं आणि ज्यांना फक्त पास होता येतं त्यांना आत घेणारं एक चकचकीत यंत्र मी बांधलं होतं, आणि त्याबद्दल कंपनीच्या अंकात माझा फोटोही छापून आला होता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वरिष्ठ बाईंकडे गेले. त्या शेजारच्या टिपररी परगण्यातल्या, मोजकं बोलणाऱ्या. मी सगळं सांगितलं, माझी चूक आधी, पोरांची नंतर. ती एक खूण दुरुस्त करूनही काका नव्वदला पोचत नव्हते हेही सांगितलं. म्हटलं, चाचणीच बदलायला हवी. कामगार मशीनपुढे उभा आहे असं समजून त्याला मशीन दाखवायचं, आवाज ऐकवायचा, आणि तू काय करशील ते त्याच्याकडून करून घ्यायचं. त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या चाचणीची तारीख बदलता येणार नाही, तपासणीचं पथक त्यानंतर लगेच येणार आहे, असं म्हणाल्या. "सहा आठवडे आहेत तुझ्याकडे. त्याच्याकडेही तेवढेच."

मग मी एक टॅबलेट घेतला, म्हणजे पाटीसारखा असतो तो, आणि त्यांना येतं ते सगळं चित्रित करून घ्यायला काकांच्या मागे लागले.

कॅमेऱ्यापुढे काका म्हणजे शोकसभेतले वक्ते. हात पाठीमागे, हनुवटी वर, आणि आवाजात कुठून तरी आलेला सरकारी सूर. "सर्वप्रथम चालकानं खात्री करून घ्यावी..." मी तीन दिवस असं चित्रण केलं. बघताना मलाच जांभया यायला लागल्या. इथल्या वाऱ्यापावसात सकाळी उठून यायचं ते यासाठी का, असं वाटून मी अगदी रडकुंडीला आले होते.

चौथ्या दिवशी मशीन दुरुस्तीसाठी थांबवलेलं होतं. ते सुरू करून बघताना थोड्या गोळ्यांचे माथे सुटले. टॅबलेट माझ्या हातात चालूच होता. मी बोलून गेले, "मग दाब थोडा वाढवायचा का?"

"अगं बाई, नाही! नाही!" काका केवढ्यानं ओरडले. माझा हात धरून बाजूला केला, मशीन थांबवलं, नमुन्याच्या पिशवीतली पूड पिशवीसकट मुठीत दाबली आणि माझ्या नाकासमोर धरून उघडली. "बघ. बसतेय का? फुटतेय ना? आणखी दाबशील तर आणखी फुटेल. आता हात लाव. तू लाव."

मी हात लावला. बेसनाच्या लाडवाला तूप कमी पडलं की मूठ वळत नाही, तसंच ते होतं. माझ्या हाताला ते लहानपणापासून माहीत होतं आणि पदवी घेतलेल्या डोक्याला त्याचा पत्ता नव्हता. काका मात्र आता थांबायला तयार नव्हते. वीस मिनिटं ते बोलले. वेग कधी कमी करायचा, पूड हॉपरमध्ये म्हणजे वरच्या डब्यात अडकली की आवाज कसा बदलतो, वजनाचे आकडे खोटं कधी बोलतात. सरकारी सूर कुठल्या कुठे पळाला. टॅबलेटनं सगळं टिपून घेतलं.

तेव्हा मला गुरुकिल्ली सापडली. मी रोज जाऊन काहीतरी चुकीचं बोलायचे. सुरुवातीला मुद्दाम बोलायचे. पुढे लक्षात आलं की मुद्दाम बोलायची गरजच नाही, माझं सहज बोलणंच पुरेसं चुकीचं असतं. काका भडकायचे आणि मी टिपून घ्यायचे. त्याचे मी दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा चौकोनी कोड मशीनच्या त्या-त्या भागावर चिकटवला. हॉपरपाशी अडलात तर तिथला कोड टॅबलेटला दाखवा, काका येऊन हॉपरचं सांगतात. 'अगं बाई, नाही!' हा तुकडा तर चहाच्या सुट्टीत स्कोन खाता खाता लोक पुन्हा पुन्हा लावायचे. माझा चेहरा त्यात स्पष्ट दिसतो. "क्रॅक आहे हं," म्हणजे इथल्या बोलीत 'धमाल आहे', असं म्हणून लोक माझ्या पाठीवर थाप मारून जायचे. मी काढून टाकला नाही.

चाचणी बांधायला जास्त वेळ गेला. पडद्यावर खऱ्या मशीनचं चित्रण, कानात खरा आवाज, बाजूला बटणं. थांबवा, नमुना घ्या, वेग बदला, वजन बदला. जे कराल त्याप्रमाणे पुढचं चित्र बदलायचं. सॉफ्टवेअरवाल्यांनी मागे मंद संगीत घालून पाठवलं होतं. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "हा पियानोवाला बाहेर गेल्याशिवाय मी आत येणार नाही." पियानो काढला. परीक्षेतले बिघाड मात्र ना त्यांनी पाहिले होते, ना मी. गुणवत्ता विभागानं ते दुसऱ्या देशातल्या आमच्याच एका कारखान्यातून मागवून कुलपात ठेवले होते.

चाचणीच्या दिवशी वरिष्ठ बाईंनी विचारलं, आधी कोण बसणार? मी हात वर केला. चाचणी मीच बांधली होती. म्हटलं, पोरांना कळू दे की ताई नुसती प्रश्न काढत नाही.

मी नापास झाले. साधीसुधी नाही, सपशेल नापास झाले. पहिल्याच बिघाडात गोळ्यांचं वजन घटत होतं, मी वजन वाढवायचं बटण दाबत राहिले. वजन वाढायचं, परत घटायचं, मी परत दाबायचे. पूड हॉपरमध्ये अडकली होती. कानात ते स्पष्ट ऐकू येत होतं, पण मी आकड्यांकडे बघत होते. शेवटी पडद्यानं शांतपणे सांगितलं की सगळा माल फेकून द्यावा लागेल. माझ्यामागून आमची पोरं बसली आणि एकामागून एक आडवी झाली. ग्रुपवर टाकण्यासारखं काही नव्हतंच. नाशिककर बाहेर आला तो कपाळावरचा घाम पुसत. "ताई, ये तो सचमुच का निकला," एवढंच म्हणाला.

मग काका बसले. ही त्यांची शेवटची संधी. खोलीत वरिष्ठ बाई, गुणवत्ता विभागातला एक माणूस आणि मी. पहिला बिघाड सुरू झाला आणि काका काहीच करेनात. हात मांडीवर. घड्याळ पुढे सरकतंय. वाटलं, झालं, भांबावले, पडद्याला घाबरले, आणि माझ्यामुळे हा माणूस आज घरी जाणार. बोलावं की काय अशी उबळ आली, ती मी दातांखाली दाबली.

काकांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते.

मग त्यांनी डोळे उघडले, एकच बटण दाबलं. थांबवा. हॉपर उघडा. पूड मोकळी करा. सुरू करा. बरोबर. दुसरा बिघाड, नमुना घेतला, वेग उतरवला. बरोबर. तिसरा. चौथा. प्रत्येक वेळी आधी ती शांतता, मग एक-दोन हालचाली, फुकट एकही नाही. पाचव्याला त्यांनी माथे सुटण्याचं कारण दुरुस्त केलं, पडद्यावर हिरवी अक्षरं आली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि काका हेडफोन न काढताच म्हणाले, "थांबा. यात अजून एक आहे. गोळी दाबणारा खालचा एक दांडा अडकतोय. ठक येतंय, प्रत्येक फेरीला एकदा."

गुणवत्तेचा माणूस म्हणाला की या चित्रणात एकच बिघाड नोंदलेला आहे. "असेल," काका म्हणाले. "युअर मॅननं नोंदला नसेल. मशीननं नोंदलाय." इथे कुठल्याही तिऱ्हाइताला 'युअर मॅन' म्हणतात. आम्ही आळीपाळीनं हेडफोन लावले. मला तिसऱ्यांदा ऐकू आलं, इतकं बारीक होतं. गुणवत्तेच्या माणसानं तिथूनच त्या कारखान्याला फोन लावला. त्यांनी जुनी दुरुस्तीची वही उघडली. त्या चित्रणानंतर चार दिवसांनी तो दांडा मोडला होता. का मोडला ते त्यांना आजपर्यंत कळलं नव्हतं.

वरिष्ठ बाई कधी टाळ्या वाजवतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी वाजवल्या. मी तर ओरडलेच, शुद्ध मराठीत, काय ओरडले ते लिहीत नाही. काचेबाहेर पोरं उभी होती, त्यांना आतलं ऐकू जात नव्हतं, पण माझे दोन्ही हात वर गेलेले बघून त्यांनी जो गलका केला तो कँटीनपर्यंत पोचला. मेरिट लिस्टमध्ये आले होते तेव्हा माझ्या बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता, कारण तेव्हा माझ्या पास होण्यानं दुसऱ्या कोणाचं काहीच राहणार नव्हतं किंवा जाणार नव्हतं.

काका शांतपणे उठले. "ग्रँड," म्हणाले. इथे नुसतं 'ठीक आहे' म्हणायलाही हाच शब्द. सगळे बाहेर पडल्यावर मागे थांबले, कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यावर वरिष्ठ बाईंचं नाव होतं, बायकोच्या वळणदार अक्षरात लिहून घेतलेलं.

"नापास झालो असतो तर हे पाच वाजता द्यायचं होतं," ते म्हणाले. "कागद फाडायचं मशीन कुठे असतं तुमच्याकडे? ते मला चालवता येत नाही."

मी पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, उघडलं नाही. मशीनपाशी नेलं आणि त्याच्या तोंडात सरकवलं. पट्ट्या खाली पडत होत्या आणि मी रडत होते, आणि ते मी लपवलं नाही. ते पाठमोरे उभे राहून खिडकीतून बंदरावरचं जहाज बघत होते, नाहीतर बघितल्यासारखं करत होते.

"आता तुझं काय?" मागे न वळता त्यांनी विचारलं. "तू तर नापास."

"दोन संधी उरल्यात."

"सोमवारी सकाळी सात वाजता ये. मशीनपाशी. वही आणू नकोस."

सोमवारी मी पावणेसातलाच पोचले. नाशिककर आणि इतर पाचजण माझ्याआधी येऊन रांगेत उभे होते.